उंदराचे यकृत, रोगप्रतिकारक पेशी आणि तुमचा प्रबंध: प्रयोग आखण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत

नागपूरच्या फार्मसी कॉलेजांत यकृतावरच्या प्रबंधांना तोटा नाही. भुईआवळा, कुटकी, काडेचिराईत, पुनर्नवा यांपैकी कशाचा तरी अर्क सात दिवस पाजायचा, आठव्या दिवशी पॅरासिटामॉल किंवा कार्बन टेट्राक्लोराइड द्यायचे, रक्त काढायचे, एएलटी (यकृतपेशी फुटल्या की रक्तात वाढणारे विकर, म्हणजे एन्झाइम) उतरलेले दाखवायचे आणि शेवटी लिहायचे की अर्काने दाह कमी केला. माझे भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी.

पॅरासिटामॉल स्वतः फारसे विषारी नाही. यकृतपेशीतले सीवायपी२ई१ हे विकर त्याचे एनएपीक्यूआय नावाच्या जहाल पदार्थात रूपांतर करते, आणि खरी इजा त्याने होते. वनस्पतीतील कितीतरी घटक हेच विकर अडवतात. मग विषच कमी तयार होते, पेशी कमी मरतात आणि मेलेल्या पेशींच्या हाकेला धावून येणारे न्यूट्रोफिलही (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) कमी दिसतात. पेशी कमी आल्या म्हणून इजा कमी झाली, की इजा कमी झाली म्हणून पेशी कमी आल्या? या एका प्रश्नाचे उत्तर देता येईल असा प्रयोग कसा बांधायचा, त्यासाठी हा लेख आहे. एम. फार्म., एम. व्ही. एस्सी., औषधशास्त्रातले एम. डी. आणि नव्याने पीएच. डी.ला लागलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत.

पायरी १: यकृतात कोण राहते आणि बाहेरून कोण येते

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून, प्रवेशिनी शिरेतून येते. त्यासोबत जिवाणूंचे तुकडेही येतात. म्हणून तिथे पहारा कायमचा आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या कुफर पेशी हा त्या पहाऱ्याचा मुख्य भाग. शरीरातल्या ऊतींमध्ये स्थिरावलेल्या भक्षक पेशींपैकी ८० ते ९० टक्के याच असतात. कार्ल कुफर यांनी त्यांचे वर्णन १८७६ साली केले. त्यांच्याबरोबर एनके, उंदरात भरपूर असलेल्या एनकेटी आणि थोड्या टी पेशी (तिन्ही लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचे प्रकार) कायम वस्तीला असतात.

इजा झाली की बाहेरून आधी न्यूट्रोफिल येतात, मागोमाग अस्थिमज्जेतून निघालेले मोनोसाइट. मोनोसाइट यकृतात उतरल्यावर भक्षक पेशी बनतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुफर पेशींसारखेच दिसतात. बरेच प्रबंध इथे फसतात. एफ४/८० या भक्षक पेशींवरच्या खुणेचा एकच रंग लावून ‘कुफर पेशी वाढल्या’ असे लिहिले जाते, पण वाढलेल्या पेशी बहुधा पाहुण्या असतात. मूळच्या कुफर पेशींवर एफ४/८० ठळक आणि सीडी११बी फिके असते, शिवाय क्लेक४एफ व टिम४ या खुणा असतात. नव्याने आलेल्या मोनोसाइटवर सीडी११बी आणि एलवाय६सी ठळक असते. हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी २: मॉडेल निवडा, आणि इथे वेळ घाला

तीव्र यकृतनिकामीपणाची तीन मॉडेल, म्हणजे प्राण्यात तो आजार मुद्दाम घडवण्याच्या तीन रीती, उंदरांत सर्वाधिक वापरल्या जातात. ‘यकृताला इजा’ या एका नावाखाली ती एकत्र मोडली जातात, पण तिन्हींत रोगप्रतिकारक पेशींची भूमिका वेगळी आहे. मार्गदर्शकाला जे सोयीचे ते घेऊ नका. तुमच्या प्रश्नाला जे जुळते ते घ्या.

कॉनकॅनाव्हलिन ए हे अबईच्या जवळच्या नात्यातल्या जॅक बीनमधून मिळणारे लेक्टिन, म्हणजे पेशींवरच्या शर्करांना चिकटणारे प्रथिन. १९९२ साली टीग्स, हेन्शेल आणि वेंडेल यांनी दाखवले की ते शिरेतून दिल्यावर होणारी इजा टी पेशींवर अवलंबून असते. थायमस नसलेल्या उंदरांना काही होत नाही, सीडी४ टी पेशी प्रतिपिंडाने काढल्या तर यकृत वाचते आणि टी पेशींना दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिननेही वाचते. पुढे एनकेटी पेशींचा सहभागही सिद्ध झाला. इथे यकृतपेशीला मारणारे हात खरोखर रोगप्रतिकारक पेशींचेच, मुख्यतः टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा या संदेशवाहकांमार्फत. ‘माझे औषध टी पेशींना आवरते का’ हा प्रश्न असेल तर हेच मॉडेल घ्या. मात्रा बहुधा किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम, पण प्रत्येक लॉटचा जोर वेगळा असतो. सगळा प्रबंध पुरेल इतका एकच लॉट मागवा आणि आधी लहान चाचणी करून मात्रा ठरवा. शेपटीच्या शिरेत घाईने टोचले तर उंदीर लगेच दगावू शकतो, आणि तो मृत्यू यकृतामुळे आलेला नसतो.

दुसरे, गॅलॅक्टोसामिन आणि एलपीएस. गॅलॅक्टोसामिन यकृतपेशीतला युरिडिनचा साठा संपवते, त्यामुळे पेशीला नवे आरएनए आणि पर्यायाने बचावाची प्रथिने बनवता येत नाहीत. अशा नि:शस्त्र पेशीवर जिवाणूच्या कवचातले एलपीएस नगण्य मात्रेत दिले तरी पुरते. १९७९ साली गॅलानोस आणि सहकाऱ्यांनी नोंदवले की गॅलॅक्टोसामिन दिलेल्या प्राण्यांची एलपीएसला बळी पडण्याची प्रवृत्ती हजारो पटींनी वाढते. एलपीएस यकृतपेशीला थेट मारत नाही. ते भक्षक पेशींच्या टीएलआर४ ग्राहीला चिकटते, त्या टीएनएफ सोडतात आणि टीएनएफमुळे यकृतपेशी आत्मनाश करते. सी३एच/एचईजे या वाणाच्या उंदरांत टीएलआर४ बिघडलेले असते, म्हणून त्यांना एलपीएसचे काही वाटत नाही. त्यांच्यात निरोगी भक्षक पेशी घातल्या की मात्र तेही बळी पडतात. भक्षक पेशींचा गुन्हा इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच मॉडेलमध्ये सिद्ध होत नाही. वेळ मात्र फार थोडा मिळतो. सहा-आठ तासांत सगळे आटोपते, आणि दुरुस्तीचा टप्पा इथे बघायला मिळत नाही.

तिसरे पॅरासिटामॉल. रात्रभर उपाशी ठेवलेल्या नर उंदराला पोटात किलोमागे ३०० मिलिग्रॅम टोचणे ही रूढ मात्रा. विष निकामी करणारे पेशीतले ग्लुटाथिऑन पहिल्या अर्ध्या-एक तासात तळ गाठते, विष प्रथिनांना चिकटते, मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात आणि मध्यशिरेभोवतीच्या यकृतपेशी फुटतात. इतके होईपर्यंत बाहेरच्या पेशी आलेल्याच नसतात. त्या नंतर येतात, आणि त्या इजा वाढवतात की मढी उचलतात यावर दोन तट अजून आहेत. माझा कल असा: पहिल्या काही तासांचे पाप यकृतपेशीच्या स्वतःच्या रसायनाचे आहे. मोनोसाइट आल्यानंतर काही काळ भर घालतात, पण पुढे त्याच पेशी सफाई आणि दुरुस्ती करतात. न्यूट्रोफिलांना गुन्हेगार ठरवणारा पुरावा मला तोकडा वाटतो. ज्या उंदरांच्या न्यूट्रोफिलांत सीडी१८ हा चिकटण्याचा रेणूच नाही किंवा ऑक्सिडंट बनवणारे विकर बिघडलेले आहे, त्यांनाही तितकीच इजा होते.

पॅरासिटामॉलसाठी रॅट (मोठ्या जातीचे उंदीर) घेऊ नका. विस्टार रॅट अॅनिमल हाऊसमध्ये सहज मिळतात म्हणून अनेक जण तेच घेतात, पण रॅट या विषाला फारशी दाद देत नाहीत. मग परिणाम दिसावा म्हणून मात्रा ग्रॅमांत न्यावी लागते.

पायरी ३: परवानगी

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालचे १९९८चे नियम लागू आहेत. देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे फॉर्म बी भरून जायचे. सिनॉप्सिस मंजूर झाला म्हणजे उंदीर वापरायला परवानगी मिळाली असे नाही.

फॉर्ममध्ये तीन जागी सदस्य अडवतात, आणि अडवायलाच हवे. गटात इतकेच प्राणी का, याचे गणित हवे. हे गणित लहान चाचणीत दिसलेल्या फरकावरून आणि विखुरणीवरून काढायचे. ‘आधीच्या प्रबंधात सहा होते’ हे उत्तर चालत नाही. दुसरे, मृत्यू हा निकष म्हणून ठेवू नका. शरीराचे तापमान ठरलेल्या मर्यादेखाली गेले, उंदीर पाठीवर टाकल्यावर सुलटा होईना, पाठीची कमान करून कोपऱ्यात बसून राहिला, तर त्याला वेदनेविना संपवायचे आणि नमुना घ्यायचा. दर किती तासांनी कोण बघणार हेही लिहायचे. तिसरे, वेदनाशामक का देत नाही याचे कारण. बहुतेक वेदनाशामके या प्रयोगात यकृताशी किंवा दाहाशी खेळतात, ही अडचण खरी आहे. ती स्पष्ट लिहा, म्हणजे समितीला वेदना कमी करण्याचे दुसरे मार्ग सुचवता येतात.

पायरी ४: उंदीर, खोली आणि नागपूरचा मे महिना

एम. फार्म.चे प्रत्यक्ष काम घसरत घसरत उन्हाळ्यात येते, हे आपले वेळापत्रक. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. भारतीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्राण्यांच्या खोलीचे तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी. घरात वाळ्याचा कूलर उत्तम, पण अॅनिमल हाऊसमध्ये त्याच्यावर विसंबू नका. आर्द्रता वाढते, भुस्सा ओला राहतो आणि अमोनिया साचतो. एसी आणि त्याला जनरेटरचा आधार, हेच खरे. किमान-कमाल तापमान दाखवणारा साधा तापमापक खोलीत टांगा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहा. रात्री वीज गेली होती हे सकाळी दुसरे कोणी सांगणार नाही.

पॅरासिटामॉलच्या प्रयोगात याला जास्त महत्त्व आहे. ते उंदराचे तापमान खाली आणते, आणि थंड पडलेल्या शरीरात विषाचा वेगही बदलतो. एक गट एप्रिलमध्ये आणि दुसरा डिसेंबरमध्ये केलात तर दोघांची तुलना करू नका. नियंत्रण गट त्याच दिवशी, त्याच खोलीत हवा.

उंदीर हैदराबाद किंवा पुण्याकडून येणार असतील तर उन्हाळ्यात रात्रीचा प्रवास मागा आणि आल्यावर किमान आठवडाभर त्यांना रुळू द्या. पुरवठादाराकडून दोन गोष्टी लेखी घ्या. एक, आरोग्य अहवाल: माऊस हेपॅटायटिस विषाणूने ग्रासलेल्या वसाहतीतले उंदीर आले तर यकृत आणि भक्षक पेशी दोन्हींचे आकडे आधीच बिघडलेले असतात. दुसरे, उपवाणाचे पूर्ण नाव. सी५७बीएल/६ एवढे पुरत नाही. त्यातल्या जे आणि एन या शाखा पॅरासिटामॉलला सारखा प्रतिसाद देत नाहीत. जनुक काढलेला उंदीर एका शाखेचा आणि नियंत्रण दुसऱ्या शाखेचे, असे घोळ छापून आलेल्या कामातही झाले आहेत. पॅरासिटामॉलला मादी नरापेक्षा कमी बळी पडते, म्हणून नर-मादी एकाच गटात मिसळू नका.

पायरी ५: मात्रा देण्याचा दिवस

पॅरासिटामॉल पाण्यात फार विरघळत नाही. २५ ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ३०० म्हणजे ७.५ मिलिग्रॅम लागते. सलाइनमध्ये मिलिलिटरला १५ मिलिग्रॅम केले तर अर्धा मिलिलिटर टोचावा लागतो. सलाइन कोमट करून विरघळवा, शरीराच्या तापमानाला आणा आणि लगेच वापरा. जानेवारीतल्या सकाळी सिरिंजमध्येच स्फटिक जमतात आणि शेवटच्या उंदराला पहिल्यापेक्षा कमी औषध जाते. द्रावण कोमट पाण्यात ठेवूनच काम करा.

हा त्रास टाळायला डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरायचा मोह होईल. वापरू नका. २००४ साली एका अभ्यासात पॅरासिटामॉलच्या इजेला एनके आणि एनकेटी पेशी जबाबदार असल्याचे दाखवले गेले. २००८ मध्ये दुसऱ्या गटाने उलगडले की त्या पेशींना चेतवण्याचे काम द्रावक म्हणून घेतलेल्या डायमिथाइल सल्फॉक्साइडने केले होते. शिवाय हे द्रावक सीवायपी२ई१ला अडवतेही. तुमचा अर्क त्यात विरघळवला असेल तर त्याचाही वेगळा नियंत्रण गट हवाच.

उंदराच्या यकृतातील ग्लुटाथिऑन दिवसभरात वर-खाली होते. सगळ्यांना एकाच तासात मात्रा द्या आणि सगळ्यांचा उपास सारखाच ठेवा. कोणता पिंजरा कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.

पायरी ६: रक्त आणि काचपट्टी

एएलटी विश्वासाचे आहे. एएसटी हे दुसरे विकर रक्तपेशी फुटल्या तरी वाढते. उंदरात निरोगी एएलटी काही दहा एककांत असते आणि पॅरासिटामॉलनंतर कित्येक हजारांवर जाते. किटची मर्यादा त्याच्या कितीतरी खाली असते. सीरम पातळ न करता चालवले तर अभिक्रियेतला कच्चा माल संपतो आणि भीषण इजा झालेला उंदीर निरोगी भासतो. सगळे नमुने आधी दहापट पातळ करून बघा, मग ठरवा.

वेळा मॉडेलप्रमाणे. पॅरासिटामॉलला २, ६, २४ आणि ४८ तास; दुरुस्ती बघायची असेल तर ७२ही. कॉनकॅनाव्हलिनला ८ आणि २४. गॅलॅक्टोसामिन-एलपीएसला दीड तासाला टीएनएफसाठी रक्त आणि साधारण सहा तासांना यकृत. एकट्या २४ तासांच्या नमुन्यावर रोगप्रतिकारक पेशींबद्दल काहीही सांगता येत नाही, कारण त्या क्षणी मारणारे आणि सफाई करणारे दोघेही हजर असतात.

काचपट्टी पॅथॉलॉजिस्टकडून, गट न सांगता वाचून घ्या. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांत कुणाशी ओळख काढा, चहा पाजा, पण स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीत साचले आहेत की यकृतपेशींच्या रांगांत घुसले आहेत, हे मुद्दाम विचारा. वाहिनीत साचलेले न्यूट्रोफिल म्हणजे इजा नव्हे. आणि तुटलेला डीएनए रंगवणारी ट्यूनेल चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून पेशींनी आत्मनाश केला असे लिहू नका. फुटून मेलेल्या पेशीही तशाच रंगतात. त्यासाठी आत्मनाश घडवणाऱ्या कॅस्पेस-३ या विकराचे तुटलेले, म्हणजे कामाला लागलेले रूप बघावे लागते.

पायरी ७: पेशी मोजणे

फ्लो सायटोमीटर (रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारे यंत्र) मिळत असेल तर यकृत आधी सलाइनने धुवून रक्त काढा, कोलॅजिनेजने सैल करा, गाळा, जड यकृतपेशी खाली बसवा आणि वरच्या पेशी घ्या. नुसते चाळणीवर चिरडले तर चिकटून बसलेल्या कुफर पेशी मागे राहतात आणि टी पेशी जास्त दिसतात. मेलेल्या पेशी वगळणारा रंग आणि एफसी ग्राही (ज्याला कोणताही प्रतिपिंड उगाच चिकटतो) झाकणारा प्रतिपिंड वगळू नका. इजा झालेल्या यकृतात हे दोन्ही नसतील तर आलेखात दिसणारे निम्मे ठिपके खोटे.

टक्केवारीवर थांबू नका. बाहेरून न्यूट्रोफिल लोटले की कुफर पेशींची टक्केवारी आपोआप घसरते, एकही कुफर पेशी मेली नसली तरी. एक ग्रॅम यकृतामागे किती पेशी, हा आकडा द्या. बाल्ब/सी उंदीर वापरत असाल तर एनके पेशींवरच्या एनके१.१ या खुणेचा प्रतिपिंड मागवू नका; त्या वाणात ती खूण नसतेच.

यंत्र नसेल तर मेणाच्या ठोकळ्यांवर एफ४/८० (भक्षक पेशींसाठी), मायलोपेरॉक्सिडेज (न्यूट्रोफिलांसाठी) आणि सीडी३ (टी पेशींसाठी) रंगवा. माहिती कमी मिळते, पण पेशी यकृताच्या कोणत्या भागात बसल्या आहेत हे सायटोमीटर कधीच सांगत नाही.

पायरी ८: पेशी काढून बघा, आणि काढण्याच्या पद्धतीवर संशय घ्या

पेशी हजर होती एवढ्याने तिने काही केले असे ठरत नाही. तिला काढून बघावे लागते. खरे वाद सुरू होतात ते इथेच.

कुफर पेशींचेच घ्या. भक्षक पेशींना मारणारे क्लोड्रोनेट भरलेले लिपोसोम (स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्या) शिरेतून दिले की त्या ते गिळतात आणि दोनेक दिवसांत नाहीशा होतात. असे करून कॉनकॅनाव्हलिन दिले तर यकृत वाचते. पॅरासिटामॉल दिले तर इजा वाढते. हे २००२ साली दिसले. त्याआधी कुफर पेशी काढायला गॅडोलिनियम क्लोराइड वापरणाऱ्यांना पॅरासिटामॉलमध्ये नेमके उलटे, म्हणजे संरक्षण दिसले होते; पण त्या रसायनाने कुफर पेशी पूर्ण जात नाहीत. पेशी तीच, अवयव तोच, पण मॉडेल आणि काढण्याची रीत बदलताच ती एकदा मारेकरी ठरते आणि एकदा रखवालदार. म्हणून ‘कुफर पेशी यकृताला इजा करतात’ हे वाक्य मॉडेलचे नाव घेतल्याशिवाय लिहिता येत नाही. क्लोड्रोनेटसोबत रिकाम्या लिपोसोमचा गट ठेवा आणि नुसत्या सलाइनचाही, कारण रिकामे लिपोसोम गिळूनही भक्षक पेशी बदलतात. प्लीहेतल्या भक्षक पेशीही याच फटक्यात जातात, हेही नोंदवा.

न्यूट्रोफिल काढायला त्यांच्यावरच्या एलवाय६जी या खुणेविरुद्धचा १ए८ हा प्रतिपिंड घ्या. जुना आरबी६-८सी५ मोनोसाइटनाही धरतो, त्यामुळे कोण गेले म्हणून फरक पडला ते कळत नाही. एक खोच आणखी आहे. विष देण्याच्या दिवसभर आधी प्रतिपिंड दिला तर मेलेले न्यूट्रोफिल कुफर पेशी गिळतात, त्या धक्क्याने यकृतात संरक्षक प्रथिने वाढतात, आणि इजा कमी दिसली तरी श्रेय न्यूट्रोफिल नसण्याला जात नाही. पीके१३६ प्रतिपिंड एनके आणि एनकेटी दोन्ही नेतो. फक्त एनकेटी हव्या असतील तर सीडी१डी (एनकेटी पेशी घडायला लागणारा रेणू) नसलेले उंदीर लागतात.

हे सगळे महाग आहे आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात बसेलच असे नाही. नसेल बसत तर दोन स्वस्त तपासण्या तरी करा. पॅरासिटामॉलनंतर अर्ध्या तासाने दोन्ही गटांत ग्लुटाथिऑन मोजा. अर्काच्या गटात ते कमी घसरले असेल तर अर्क विषनिर्मितीलाच अडवतो आहे, आणि रोगप्रतिकारक पेशींची गोष्ट तिथेच संपते. दुसरी तपासणी, अर्क विषानंतर द्या. विष तयार होऊन गेल्यावर, म्हणजे दीड-दोन तासांनी दिलेल्या औषधानेही इजा कमी झाली तरच दाहाकडे बोट दाखवायला जागा उरते. त्याच वेळेला एन-अॅसिटिलसिस्टीन (पॅरासिटामॉलवरचा रूढ उतारा) दिलेला गट तुलनेला ठेवा, सिलिमारिन (यकृतरक्षक म्हणून वापरला जाणारा वनस्पतीचा अर्क) नव्हे.

पायरी ९: निष्कर्षाचे वाक्य

मॉडेल, वाण, लिंग, मात्रा, वेळ आणि पेशी काढण्याची पद्धत या सगळ्या गोष्टी निष्कर्षातच याव्यात. ‘किलोमागे ३०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दिलेल्या नर सी५७बीएल/६जे उंदरांत, विषानंतर दीड तासाने दिलेल्या अर्काने २४ तासांना एएलटी कमी झाले, त्याच वेळी यकृतातील एलवाय६सी-ठळक मोनोसाइट कमी होते, मात्र कार्यकारण तपासलेले नाही.’ वाक्य लांब आहे, कंटाळवाणे आहे, आणि व्हायव्हात त्याला कुणी धक्का लावू शकत नाही.

मेडिकलच्या वॉर्डातील रुग्णांशी नाते जोडण्याचा परिच्छेद जपून लिहा. भारतात तीव्र यकृतनिकामीपणा मुख्यतः हेपॅटायटिस ई आणि ए विषाणूंमुळे, क्षयाच्या औषधांमुळे, काही भागांत पिवळ्या फॉस्फरसच्या उंदीरनाशक पेस्टमुळे होतो. पॅरासिटामॉलचे वर्चस्व इंग्लंड-अमेरिकेत. आपल्याकडे साथी आणणारा हेपॅटायटिस ईचा जनुकप्रकार उंदराला स्वाभाविकपणे लागत नाही. विषाणूने ग्रासलेल्या यकृतपेशीला मारणाऱ्या टी पेशींबद्दल पॅरासिटामॉलचा उंदीर काही सांगत नाही. कॉनकॅनाव्हलिनचा सांगतो, तोही अर्धवट, कारण तिथे टी पेशी विषाणू ओळखून चेतलेल्या नसतात. रुग्णाच्या मेंदूला येणारी सूज आणि बेशुद्धी या तिन्ही मॉडेलमध्ये कुणी फारशी मोजत नाही. ती मोजायची असेल तर अॅझॉक्सीमिथेन या दुसऱ्या यकृतविषाचे मॉडेल बघा, आणि त्यासाठी नीतिमत्ता समितीकडे नवा अर्ज करा.